खटक्यापाशी माणूस

३ मार्च

ती. बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. पाय हाताला लागत नाहीत, तेवढं चालवून घ्या.

पोचले. खोली मिळाली. एक पलंग, एक टेबल आणि कपाटात इतके हँगर, की आधीचा माणूस इस्त्रीवाला असावा. खिडकीतून समोरची भिंत दिसते, तिच्यावरून हवेचे मोठे पाइप गेलेत. ते पाहून बरं वाटलं. बाकी कुणीच ओळखीचं नाही.

इथलं इस्पितळ आपल्यापेक्षा मोठं आहे, पण तळघरात उतरलं की सगळं तेच, पंप, हवा ढकलणारे खोलीएवढे ब्लोअर, ग्रीसचा वास. माझ्या वरच्या बाई उंच आहेत, सरळ चालतात आणि बोलतातही मोजून. मी मनातल्या मनात त्यांचं नाव फूटपट्टी ठेवलंय. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक लाल कुलूप दिलं. यंत्रात हात घालण्याआधी त्याचा खटका पाडायचा, खटक्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात टाकायची. आपण स्वतः येऊन कुलूप काढेपर्यंत ते यंत्र कुणाच्या बापाला चालू करता येत नाही. मी विचारलं, "खटक्यापाशी उभं कोण राहणार?" त्या म्हणाल्या, "कुणी नाही. कुलूप आहे ना."

बाबा, पहिल्यांदा ब्लोअरच्या पोटात शिरले तेव्हा मला रडू आलं. आपल्याकडे बाहेर कुणीतरी असतं. तुम्ही रिटायर होईपर्यंत माझ्या खटक्यापाशी तुम्हीच असायचात. इथे बाहेर पत्र्याचा एक तुकडा लटकत असतो आणि त्याच्या भरवशावर मी आत.

आता मुद्द्याचं. तुमचे कान त्या तळघरानंच खाल्लेत. आपल्याकडची रीत तुम्हाला मी सांगायला नको. खटका वर करण्याआधी "सोडतोय" अशी हाळी द्यायची, आत कुणी असेल तर तो "थांबा" म्हणून ओरडतो, आणि उत्तर आलं नाही तर आत कुणी नाही असं धरून खटका वर. तुम्हाला हाळी ऐकूच येत नाही, म्हणजे तुम्ही आत असून नसल्यासारखे. मी नसताना तिकडे फिरकणार नाही असं कबूल केलंयत. ते पाळा.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, पण शेजारच्या मास्तरीणबाईंनी पत्रांचं काम अंगावर घेतलं हे फार झालं. तुमच्या पत्राचा फोटो त्या पाठवतील आणि माझं पत्र शाळेत छापून तुम्हाला आणून देतील. त्यांना त्रास देऊ नका.

तुमची,
ढमी


९ मार्च

चि. ढमी,

आशीर्वाद आहेतच, ते काही वेगळे लिहायला नकोत. पत्र मिळालं. फूटपट्टीबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्यासारखी सरळ चालायला शीक. तू चालतेस ती पाण्याची बादली घेतल्यासारखी.

अदलाबदलीत तुझ्या जागी तिकडच्या इस्पितळातून आलेला पाहुणा पोचला. आयत्या बिळावर नागोबा म्हणणार होतो, पण हा नागोबा फारच गरीब निघाला. दिसेल त्याला मान लववतो, गेटवरच्या वॉचमनला आणि त्याच्या कुत्र्यालाही. आपल्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत त्याला उतरवलंय. एकटाच आहे, म्हणून दुपारचा डबा मी करून देतो. त्याला माझं कळत नाही आणि मला कुणाचंच ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं.

तळघरात मात्र त्यानं आग लावून ठेवलीय. तुझ्यासारखंच त्याच्याकडेही लाल कुलूप आहे. मुकादम खटक्यापाशी उभा असताना यानं त्याच्या नाकासमोर कुलूप ठोकलं. मुकादम म्हणतो, "मी जिता माणूस उभा आहे, आणि हा मला चोर समजतो?" त्यात परवा पाहुणा कुलूप लावून, किल्ली खिशात घालून जेवायलाच निघून गेला. ऑपरेशनच्या खोलीत गार हवा बंद. डॉक्टर घामाघूम होऊन खाली आले आणि जे बोलले ते बरं झालं मला ऐकू आलं नाही. पुन्हा असं झालं तर कुलूप कापून टाकीन, असं मुकादमानं जाहीर केलंय.

माणूस कामाचा आहे मात्र. पट्टा अंगठ्यानं दाबून बघतो. मागच्या बेअरिंगला गंज चढलाय तो पाहून त्यानं जीभ चावली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा तो मीच चढवलाय.

मी गेटच्या आत पाऊल टाकलेलं नाही. कानातलं यंत्र लावून पाहिलं. त्यातून फक्त भांडी ऐकू येतात, म्हणून परत डब्यात ठेवलं.

बाबा


१६ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. मागचं बेअरिंग बाहेरून दिसत नाही. ब्लोअरच्या आत शिरून, उजव्या कुशीवर झोपून, मान वाकडी केली तर दिसतं. मी तिथे किती वेळा झोपलेय ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा गेटच्या आत पाऊल न टाकता तो गंज कसा दिसला आणि पाहुण्यानं "माझ्याकडे" बघितलं म्हणजे कुठून बघितलं, ते कळवा.

"हाळी ऐकू आली नाही तरी यंत्राची थरथर पायाला कळते," असं तुम्ही मला एकदा सांगितलं होतं. खटका वर झाल्यावरच थरथर येते, बाबा. ती कळून काय करणार?

काल इथे एकाचं कुलूप खटक्याला होतं आणि तो सापडत नव्हता. अख्खा विभाग काम सोडून त्याला शोधत फिरला. तो संडासात निघाला. मी आपली हसतेय, तर फूटपट्टीबाई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "ब्लोअरमध्ये निघाला नाही, हे चांगलं." नंतर मला हसू आलं नाही. खोटं सांगू नका मला. इतक्या लांब बसून मला फक्त तुमच्या शब्दांचाच आधार आहे.

ढमी


२१ मार्च

चि. ढमी,

पकडलास चोर. जातो मी तिकडे, रोज जातो. पाहुण्याला काय हवं ते मला त्याच्या हातांवरून कळतं, मुकादमाला काय म्हणायचंय ते त्याच्या ओठांवरून कळतं, आणि मी मध्ये उभा राहून दोघांना सांगतो. मी नसतो तर त्यांनी एकमेकांची डोकी फोडली असती. साहेबसुद्धा परवा पाठीवर थाप मारून गेले.

आणि आतही गेलो. दोनदा. बेअरिंगला ग्रीस भरलं. गुडघे कुरकुरले, पण हात विसरलेले नाहीत. तू गेल्यापासून घरात सकाळी उठून करायचं काय, सांग मला. चहा पिऊन झाला की दिवस संपेपर्यंत दिवसच असतो. तिथे गेलो की कुणीतरी हातात पाना देतं. त्या पान्याचं वजन तुला कळणार नाही, तुझ्या हातात तो रोज असतो.

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. मी आत असताना मुकादम खटक्यापाशी असतो. तीस वर्षांत त्याच्या हातून एकही चूक झालेली नाही. तू तुझं काम शिक आणि नीट परत ये.

बाबा

ताई, फोटो काढताना खाली चार ओळी लिहिते, काकांना सांगू नका. मुकादमांची बायको बोलली ते लपवणं मला जमेना. मंगळवारी मुकादम दाढदुखीनं घरी होते आणि खटक्यापाशी दुसराच माणूस होता. त्यानं हाळी दिली, काका आत होते, उत्तर आलं नाही. त्याचा हात खटक्यावर होता. पाहुणा धावत आला आणि त्यानं तो हात धरला. काकांना यातलं काहीच माहीत नाही. ते ग्रीस भरून बाहेर आले आणि सगळे असे उभे का, म्हणून हसले.
— शेजारीण


२३ मार्च

बाबा,

मंगळवारी तुम्ही हसत बाहेर आलात. तुम्ही आत होतात तेवढ्या वेळात काय झालं, ते मुकादमाला विचारा आणि त्याच्या ओठांवरून नीट वाचा.

मी साहेबांना पत्र लिहिलंय. रिटायर झालेला, कान गेलेला माणूस यंत्राच्या खोलीत काम करतोय आणि त्याला काही झालं तर जबाबदारी तुमची, असं स्पष्ट लिहिलंय. तुम्हाला गेटवर अडवतील. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे मला माहीत होतं, म्हणून तुम्हाला न विचारता केलं. रागावा. आई गेली तेव्हा मी लहान होते, काही करू शकले नाही. या वेळी हातपाय बांधून बसणार नाही.



ढमी


२९ मार्च

चि. सौभाग्यकांक्षिणी फोरमनीणबाई यांस,

आपले पत्र पोचले. आपल्या सूचनेची अंमलबजावणी झाली. ज्या गेटमधून मी छत्तीस वर्षं आत गेलो, त्या गेटवर वॉचमनने खाली बघत मला साहेबांचा निरोप दिला. तो बिचारा पूर्वी माझ्या हाताखाली झाडू मारत होता. त्याला निरोप दोनदा सांगावा लागला, कारण पहिल्यांदा तो खाली बघत होता आणि मला ओठ दिसले नाहीत.

पाहुण्याचा डबा आता गेटवर देतो. तो येऊन घेऊन जातो. गेटवर काय झालं ते मी त्याला हातांनी सांगू शकलो नाही, असल्या गोष्टीला खुणा नाहीत.

मास्तरीणबाई सुट्टीत माहेरी चालल्या आहेत. त्या परत येईपर्यंत पत्रं जाणार नाहीत, येणार नाहीत. आपल्याला विश्रांती मिळेल.

आपला,
रिटायर माणूस


६ एप्रिल

बाबा,

मास्तरीणबाई गावाला आहेत, हे कधी हाती पडेल ठाऊक नाही. तरी लिहिते, नाहीतर मला वेड लागेल.

आज सकाळी फूटपट्टीबाईंनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि खुर्ची दिली. त्या कुणाला खुर्ची देत नाहीत. म्हणाल्या, तुझ्या इस्पितळात ब्लोअरवर काहीतरी घडलंय. आमचा माणूस वाचला. एक म्हातारा गृहस्थ मध्ये होता, त्याला लागलंय. यापेक्षा जास्त त्यांना माहीत नाही.

साहेबांचा फोन लागत नाही. मुकादमाचा वाजतोय, उचलत नाही. मास्तरीणबाईंचा बंद आहे. म्हातारा गृहस्थ म्हणजे कोण, बाबा? तुम्हाला तर गेटवर अडवलं होतं. मीच अडवलं होतं. दुसरा कुणी असेल असं मी मघापासून स्वतःला सांगतेय, आणि तिथे दुसरा म्हातारा नाही, हेही मला माहीत आहे. कामावर जायला निघाले तर फूटपट्टीबाईंनी माझं कुलूप काढून घेतलं. म्हणाल्या, आज तू यंत्राला हात लावायचा नाहीस. मी त्यांच्या कपाटाशेजारी बसून लिहितेय.

साहेबांचा फोन लागला.

मनगट. फक्त मनगट. साहेब दोनदा म्हणाले आणि मी तिसऱ्यांदा विचारलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. "तुझे वडील नसते तर मी आज पोलिसांत उभा असतो," असं म्हणाले.

बाबा, माझ्या पत्राप्रमाणे तुम्ही वागला असतात, तर तो माणूस गेला असता. मी लांब बसून, शहाणपणा करून तुमचं गेट बंद केलं. साहेबांना आत्ताच सांगितलंय, माझं पत्र फाडून टाका आणि बाबांना आत येऊ द्या. तुम्ही जा. हवं तेव्हा जा, हवं ते करा. मी पुन्हा शब्द काढणार नाही.

ढमी


७ एप्रिल

चि. ढमी,

अक्षर वाकडं आहे कारण मनगट मुरगळलंय. घाबरायचं काही नाही, पुढे वाच. तू नको म्हणाली होतीस तरी मी आत गेलो, ते कशासाठी गेलो हे माझ्याकडूनच कळलेलं बरं.

परवा दुपारी डबा घेऊन गेटवर उभा राहिलो. पाहुणा आला नाही. वाट बघितली. तो जेवणाला उशीर करणारा नाही. आला तेव्हापासून एकदाही केला नाही. सकाळी माझ्या अंगणातून गेला तेव्हा तब्येत ठीक होती. म्हणजे हातातलं काम सोडता येत नसेल, आणि त्याच्या हातात तेव्हा ब्लोअर होता, हे मला त्यानंच आदल्या दिवशी खुणेनं सांगितलं होतं. मी वॉचमनकडे बघितलं. तो पुन्हा खाली बघू लागला, या वेळी मुद्दाम. मी आत गेलो.

खाली उतरलो तर मुकादम खटक्यासमोर. हातात मोठी कातरी, लाल कुलूप कापून जमिनीवर पडलेलं. त्याला वाटलं, पाहुणा परत कुलूप लावून जेवायला गेला. वरून डॉक्टरांचा तगादा चालला होता. त्यानं रीतीप्रमाणे हाळी दिली होती, तीनदा दिली, असं नंतर म्हणाला. आत पाहुणा कानांवर ती जाड झाकणं लावून बेअरिंग ठोकत होता. त्याला हाळी गेली नाही, आणि गेली असती तरी "सोडतोय" म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मीही नाही. सगळं खुणांनी भागत होतं ना.

मी मुकादमाचा हात बाजूला केला आणि खटक्याला पाठ लावून उभा राहिलो. बोलायला वेळ नव्हता. मुकादम ओरडत होता, त्याच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. त्याच्याबरोबरच्या एकानं माझा हात ओढला, तेव्हाच मनगट गेलं. मी हललो नाही. शेवटी मी डबा वर धरला आणि दाखवला. हा भरलेला आहे, तो जेवायला आलेला नाही. मुकादमाला कळायला क्षण लागला. मग तो तिथेच खाली बसला. माणसं पलीकडे धावली, ब्लोअरचं दार उघडलं. पाहुणा ग्रीसनं माखलेला बाहेर आला आणि आधी मलाच मान लववली.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला मिठ्या मारल्या. मुकादम अजून माझ्याकडे डोळे वर करून बघत नाही, त्याची बायको म्हणते तो जेवत नाही. मी त्याच्याकडे जाऊन बसलो. मग त्यानं मला मंगळवारचं सांगितलं. तू लिहिलं होतंस ना, ओठांवरून नीट वाच म्हणून. वाचलं.

ढमी, खटक्याला पाठ लावून मी उभा होतो तेव्हा तिघं चौघं माझ्या तोंडावर ओरडत होते. हातभर अंतरावर. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. तिथे उभ्या उभ्या माझ्या मनात आलं, की हेच आत असताना झालं असतं तर. मला भीती वाटली. छत्तीस वर्षांत त्या खोलीत मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती पाहुण्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती.

तू साहेबांना लिहिलंस ते बरोबर होतं. माझा राग अजून गेलेला नाही, तो गेटवरचा आहे आणि थोडे दिवस राहील. पण मी आता आत शिरणार नाही. तुझ्या बंदीमुळे नाही, माझं मला कळलं म्हणून. यावर तू काही समजूत घालू नकोस. मला रडू येईल आणि मास्तरीणबाईंसमोर बरं दिसणार नाही.

बाबा


१५ एप्रिल

चि. ढमी,

मास्तरीणबाई आल्या. माझं पत्र घेऊन गेल्या आणि तुझं हातात ठेवून गेल्या. मी म्हणतो जाणार नाही, तू म्हणतेस जा. आपण दोघांनी एकाच वेळी माघार घेतली, असं या घरात कधी झालं नव्हतं. तुझ्या आईनं दोघांना वेड्यात काढलं असतं.

तू फार रडली असशील त्या कपाटाशेजारी. ते वाचून मलाही रडू आलं. तुझ्या फूटपट्टीबाई माणूस म्हणून चांगल्या आहेत. लवकर परत यायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाक. ठरलेले दिवस पूर्ण कर.

काल साहेब घरी आले होते. मुकादम, पाहुणा आणि ते असे तिघं. पाहुण्यानं नवं लाल कुलूप आणलं होतं. मुकादमानं ते स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, यापुढे कुलूपही लागेल आणि माणूसही. माणूस कोण, यावर तिघं माझ्याकडे बघू लागले. मी अट घातली की आत जाणार नाही, ग्रीस भरणार नाही, पाना हातात घेणार नाही. पान्याचं बोलताना जीभ अडखळली, पण बोललो. खटक्यापाशी उभं राहायला कान लागत नाहीत, डोळे लागतात, ते अजून शाबूत आहेत. आत गेलेला माणूस बाहेर आलेला दिसेपर्यंत खटका वर नाही, मग हाळीचं उत्तर ऐकायला नको. सोमवारपासून जातोय.

तू परत आलीस आणि ब्लोअरमध्ये शिरलीस, की तुझं कुलूप लाव, मी नको म्हणणार नाही. पण मी शेजारी उभा राहणार. कुलूप कापता येतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. मला कापायला आले तर मी निदान ओरडेन तरी.

बाबा